तोंडापर्यंत भरलेलं पिंप

आदोसिंदाने सकाळपासून तिसऱ्यांदा तळघर झाडलं. फरशीवर कचरा नव्हताच, पण नुसतं बसवेना, म्हणून केरसुणी. गायाहून, नदीच्या मुखाशी मोठमोठी वाइन कोठारं आहेत त्या शहरातून, माणूस यायचा होता. वाइन जिभेवर घेऊन तिचं वय सांगणारा माणूस. कोपऱ्यातलं एकाहत्तरचं पिंप खरं की खोटं, हे तो आज ठरवणार होता.

एकाहत्तर म्हणजे अठराशे एकाहत्तर. वेलींना ती मुळं खाणारी कीड लागून आमच्या डोरो नदीच्या काठचे सगळे डोंगर उघडेबोडके व्हायच्या आधीचं पीक. ती वाइन तेव्हापासून लाकडात होती. आमच्या फोंतेसेका गावात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणालाच त्याचं कौतुक नव्हतं. जुनं पिंप म्हणजे काय, तर नव्या वाइनला वास यावा म्हणून त्यातलं वाटीभर टाकायचं आणि विसरायचं. पण गेल्या काही वर्षांत गायाच्या मोठ्या कोठारवाल्यांना एकाएकी वेड लागलं. कुठल्याशा खेड्यात, कुठल्याशा म्हातारीच्या गोठ्यामागे असंच एक पिंप सापडलं म्हणे, आणि तेव्हापासून ही मंडळी गावोगाव गोठे हुंगत फिरायला लागली.

घराचा नवा धनी तेल्मो. पोर्तोला दातांचा डॉक्टर. आत्या, म्हणजे आमच्या बाईसाहेब, वारल्यावर हे घर त्याच्याकडे आलं. त्याने परवाच आदोसिंदाला साफ सांगून टाकलं होतं. "मावशी, त्या गायाच्या अन्सेल्मोंनी सही केली, तर ही वाइन तिच्या स्वतःच्या नावाने बाटलीत जाईल. नाही केली, तर त्याच दिवशी गावच्या वाइन सोसायटीच्या टाकीत. मला हे म्हातारं पिंप सांभाळत बसायला वेळ नाही."

सोसायटीची टाकी! परवा तुडवलेल्या द्राक्षांचा रस असतो तिथे, हजारो लिटर. त्यात हे ओतायचं? आदोसिंदा त्या दिवशी रात्रीचं कोबीचं सूप तसंच टाकून उठली.

बेचाळीस वर्षं तिने ते पिंप राखलं होतं. तिच्याआधी तिच्या बापाने, ग्वाल्तेरने. मुळात एकाहत्तरची पिंपं तीन होती. लाकूड श्वास घेतं, वाइन दरवर्षी थोडी थोडी उडून जाते. पिंप अर्धवट राहिलं की आत हवा शिरते आणि मग व्हिनेगर व्हायला कितीसा वेळ! म्हणून एका भावंडातलं काढून दुसऱ्यात घालायचं, अशी रीत. शंभर वर्षांत तिघांचं एक झालं. ग्वाल्तेर अंथरुणाला खिळला, त्याच वर्षी शेवटच्या भावंडातली शेवटची घागर या पिंपात गेली.

मरायच्या आधी त्याने एकोणतीस वर्षांच्या लेकीला जवळ बोलावलं. म्हणाला, "नव्या वाइनचा एक थेंब आत जाता कामा नये. आणि बाईसाहेबांना पिंप कधी खाली गेलेलं दिसता कामा नये. बेलार्मिनोचं काय झालं, आठवतंय ना?"

बेलार्मिनो कोणाला आठवत नाही? पलीकडच्या मळ्याचा कोठारवाला. त्याच्या धन्याने एकदा पिंप वाजवून पाहिलं, ते चार बोटं पोकळ वाजलं. झालं! बेलार्मिनो चोर, बेलार्मिनो बेवडा. वाइन उडून जाते हे त्या धन्याला कोण सांगणार? आमच्याकडे कोठारवाल्याची नीयत पिंपाच्या आवाजावर मोजतात, आणि तशी ती कायमची चुकीची मोजतात. त्या माणसाला पुढे कोणी कोठाराच्या दाराशीही उभं केलं नाही. त्याच्या पोरी लग्नाच्या झाल्या तरी लोक 'चोराच्या पोरी'च म्हणायचे.

आता तुम्हीच सांगा. नवीन घालायचं नाही आणि पिंप खालीही जाऊ द्यायचं नाही. भावंडं तर संपलेली. काय करायचं त्या पोरीने?

तिने जे केलं ते तिला बाईसाहेबांच्या स्वयंपाकघरातल्या ऑलिव्हच्या बरणीवरून सुचलं. खाऱ्या पाण्यात ऑलिव्ह घालतात तेव्हा वर एक स्वच्छ पांढरा गोटा ठेवतात. ऑलिव्ह खाली दबतात, पाणी तोंडाशी येतं. त्या वर्षी उन्हाळ्यात नदी आटली तेव्हा ती बादली घेऊन काठाला गेली. काळा पाटीचा दगड नाही घेतला, त्याचा वास लागतो. गारेचे पांढरे गोटे वेचले, अक्रोडाएवढे, बुचाच्या भोकातून जातील असे. तीनदा उकळले, उन्हात वाळवले, कडक द्राक्षदारूने धुतले. आणि नोव्हेंबरात, सेंट मार्टिनच्या सणाच्या दिवशी, सगळं गाव चेस्टनट भाजण्यात दंग असताना, तळघराचं दार आतून लावून एकेक गोटा पिंपात सोडला. वाइन वर वर येत तोंडाला टेकली.

दुसऱ्या दिवशी बाईसाहेब, म्हणजे डोना कितेरिया, खाली आल्या. अंगठीच्या बोटाने पिंप वाजवलं. ठस्स. भरलेलं. "शाब्बास ग्वाल्तेरच्या पोरी," म्हणाल्या.

त्या शाब्बासकीने आदोसिंदाचे कान तापले. खरं सांगून टाकावं असं वाटलं, पण जीभ उचलली नाही. मग दुसरं वर्ष आलं. मग तिसरं. खोटं असंच असतं, पहिल्या दिवशी ते बोटभर असतं आणि नंतर तुमच्याएवढं होतं. बेचाळीस सेंट मार्टिन, बेचाळीस बादल्या. आता त्या साडेपाचशे लिटरच्या पिंपात जेमतेम साडेतीनशे लिटर वाइन होती, बाकी नदीचे दगड. आणि या वर्षीचे गोटे आताच, या क्षणी, व्हिनेगरच्या मडक्यामागे टोपलीत फडक्याखाली तयार होते.

तिने टोपली पायाने आणखी आत सरकवली. तेवढ्यात जिन्यावर बुटांचा आवाज आला.

अन्सेल्मो पासष्टीचे, लांब नाकाचे, कमी बोलणारे. त्यांनी आल्या आल्या टोपी काढून नमस्कार केला, तो तेल्मोला नाही, आदोसिंदाला. "कोठार तुमच्याकडे का? छान गार ठेवलंय, बाई." तिला बरं वाटलं आणि लगेच भीतीही वाटली. हा माणूस बघणारा होता.

तेल्मो मागून मोबाइलवर बोलत उतरला. त्याच्यामागे सेफेरिनो, सोसायटीच्या ट्रकचा ड्रायव्हर, जिन्याच्या पायरीवर टेकला. तेल्मोने त्याला आधीच बोलावून ठेवलं होतं. म्हणजे निकाल लागायच्या आत मढं उचलणारे दारात हजर. आदोसिंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अन्सेल्मोंनी बूच काढलं. काचेची नळी बोटभर आत घातली, वर अंगठा दाबून उचलली आणि पेल्यात सोडली. वाइन काळपट तपकिरी होती, कडेला हिरवट झाक. पेला तिरका केला तर ती काचेला चिकटून सावकाश उतरत होती. त्यांनी वास घेतला. डोळे मिटले. पुन्हा वास घेतला. मग एक घोट जिभेवर धरून इतका वेळ उभे राहिले की तेल्मोने घड्याळ पाहिलं.

"अरे देवा," अन्सेल्मो हळूच म्हणाले.

आदोसिंदाने भिंतीला हात टेकला. जिंकलो, असं तिच्या मनात आलं.

मग त्यांनी खिशातून छोटी बॅटरी काढली आणि बुचाच्या भोकातून आत प्रकाश टाकला. बराच वेळ पाहिलं. बॅटरी बंद करून त्यांनी पिंप बोटाने वाजवलं. ठस्स.

"हे तोंडापर्यंत भरलंय," ते म्हणाले.

"भरलेलंच असतं आमच्याकडे!" तेल्मो छाती काढून म्हणाला. "आत्या दरवर्षी स्वतः वाजवून पाहायची."

"तेच तर. दुसरं पिंप आहे का याच पिकाचं?"

"नाही. हे एकच. शेवटचं."

"किती वर्षांपासून एकच?"

तेल्मोने आदोसिंदाकडे पाहिलं. "बेचाळीस," ती म्हणाली.

"बेचाळीस वर्षं एकटं पिंप, आणि बोटभरसुद्धा कमी नाही." अन्सेल्मो तिच्याकडे वळले. आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "बाई, ते उडून जातंच. माझ्या कोठारात जातं, राजाच्या कोठारात जातं. तुमच्याकडेच का जात नाही?"

अन्सेल्मोंनी पेटीतून लांब नळी काढली, हातभर लांबीची. "तळातलं घेऊन बघतो."

हातभर नळी आत गेली की दगडाला लागणार, टक्क आवाज होणार. आदोसिंदा पुढे झाली आणि तिने चक्क बुचाच्या भोकावर तळहात ठेवला. "नको. गाळ ढवळला जाईल. इतक्या वर्षांचा बसलेला गाळ आहे."

अन्सेल्मोंनी तिचा हात पाहिला, मग तिचा चेहरा. नळी परत पेटीत ठेवली. आणि आदोसिंदाला कळलं की आपण आपल्याच हाताने घाण केली. आता या माणसाला वाटतंय की तळाशी काहीतरी लपवायचंय.

"सेन्योर तेल्मो," ते म्हणाले, "नाक सांगतं की ही वाइन शंभराच्या खूप वरची आहे. पण पिंप सांगतं की तिला कोणीतरी वेळोवेळी दुसरी वाइन पाजलीय. चांगली असेल, जुनीही असेल, पण दुसरी. मग ती एकाहत्तरची राहिली नाही. मी सही केली तर ते खोटं होईल."

"म्हणजे नाही?"

"नाही. मला वाईट वाटतंय. तुम्हाला कळणार नाही इतकं."

तेल्मोने खांदे उडवले. "झालं तर मग. सेफेरिनो, चल, आटप. पंप लाव."

"पंप कसला लावताय! पाइप वरच्या अंगणापर्यंत पुरतच नाही," सेफेरिनो उठत म्हणाला. "पिंपच ढकलत न्यावं लागेल चढणीवरनं वर. दोघंजण लागतील. डॉक्टरसाहेब, दात उपटायची सवय आहे ना, घ्या ती पहार."

ते दोघं हसले. आदोसिंदा उभीच होती. बोल, बोल गं बाई, असं आतून कोणीतरी तिला ढोसत होतं. एक वाक्य बोललं की सही होते. पण त्या एका वाक्याला शेपूट होतं. साडेपाचशेतले दोनशे लिटर गेले कुठे? बेलार्मिनोची तर चारच बोटं गेली होती. तिची अर्धी हयात ज्या आवाजावर उभी होती, तो आवाज दगडांचा होता. ती एकाहत्तर वर्षांची झाली होती, गावात तिला पाहून लोक टोपी काढायचे. आता या वयात चोर म्हणवून घ्यायचं? त्यापेक्षा जाऊ दे ती वाइन, जाऊ दे टाकीत. तिने मान फिरवली.

सेफेरिनोने पिंपाखालच्या पाचरी काढल्या. पहार घातली आणि जोर लावला. पिंप जागचं हललं नाही.

"च्यायला! शिसं भरलंय का यात?" त्याने हातावर थुंकून पुन्हा जोर लावला. तेल्मोनेही खांदा दिला. पिंप दोन बोटं कलंडलं, आणि आतून आवाज आला. जड, घरंगळणारा, खळ्ळ. त्यापाठोपाठ दुसरा, बारीक. लाकडाच्या फळीचा. कर्र.

एका फटीतून तपकिरी थेंब बाहेर आला आणि फळीवरून ओघळला.

"सोडा!" आदोसिंदा किंचाळली. "सोडा म्हणते ना मेल्यांनो! फुटेल ते!" तिने स्वतःला पिंपावर झोकून दिलं, दोन्ही हातांनी मिठी मारली. "दगड आहेत त्यात! अर्ध्या टनाचे दगड आहेत! हलवलंत तर फळ्या फोडून बाहेर येतील!"

सेफेरिनोने पहार हळूहळू खाली घेतली. पिंप पुन्हा आपल्या जागी बसलं. थेंब थांबला.

"कसले दगड?" तेल्मो म्हणाला.

मग तिने सांगितलं. पिंपाला धरूनच, त्यांच्याकडे न पाहता. बापाचे शब्द, बेलार्मिनो, ऑलिव्हची बरणी, नदी, बादली, बाईसाहेबांची अंगठी. सगळं एका दमात. "नव्या वाइनचा एक थेंब नाही घातला मी. आईशपथ. जेवढं उडालं तेवढे दगड घातले. बाईसाहेबांना फसवलं, ते खरं आहे. ते मी केलं."

तेल्मोचा चेहरा लाल झाला होता. "म्हणजे दोनशे लिटर नाहीयेत?"

"नाहीयेत."

"आणि ते उडून गेले."

"उडून गेले."

"मावशी, मी काय कुकुलं बाळ आहे? दोनशे लिटर! प्यायलीस की विकलीस?"

आला शेवटी तो शब्द, थोडा वेगळा कपडा घालून. आदोसिंदाला वाटलं होतं की तो ऐकून आपण मरू. ती मेली नाही. फक्त पिंपाला टेकून खाली बसली. "धनी, तुम्हाला जे म्हणायचं ते म्हणा," ती म्हणाली. "पण पिंप हलवू नका."

अन्सेल्मो मात्र तिच्याकडे पाहतच नव्हते. ते छताकडे पाहत होते. बाकी छत चुन्याचं, पांढरट. या एका पिंपाच्या बरोबर वर मात्र परातीएवढा नाही, चांगला खाटेएवढा काळा डाग होता, मखमलीसारखा दाट.

"सेन्योर तेल्मो, वर बघा."

"बुरशी आहे. तळघर आहे ते."

"ही बुरशी उडालेल्या वाइनवर जगते. दुसरं काही खात नाही ती. माझ्या कोठाराची सगळी भिंत अशी काळी आहे. तुमचे दोनशे लिटर तिथे आहेत."

तेल्मो वर पाहत राहिला. त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही. अन्सेल्मो खाली वाकले. "बाई, एक विचारू? मघाशी मी चव घेतली तेव्हा शेवटी जिभेवर एक कडवट चव राहिली. ती नेहमीच असते का या पिंपाला, की अलीकडची आहे? तुम्हालाच माहीत असणार."

"मला कसं माहीत असेल?"

"म्हणजे?"

"वास माहीत आहे. रोज येतो. चव मी कुठे घेतलीय?" ती थोडी चिडूनच म्हणाली, जणू त्यांनी काही घाणेरडं विचारलं होतं. "राखणाऱ्याने प्यायचं नसतं. बाबांनी नाही घेतली, मी नाही घेतली."

"बेचाळीस वर्षांत एकदाही नाही?"

"बोट पिंपात बुडलं तरी पुसते मी. चाटत नाही."

सेफेरिनोने डोक्यावरची टोपी काढली. तेल्मो तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. लहानपणी उन्हाळ्यात तो इथे यायचा तेव्हा ऑलिव्हच्या बरणीत हात घालायचा, आणि ती आधी नळावर नेऊन त्याचे हात घासून काढायची. एकही ऑलिव्ह तिने स्वतः त्याच्यासमोर तोंडात टाकलेलं त्याला आठवत नव्हतं. बरणी बाईसाहेबांची होती.

अन्सेल्मोंनी लांब नळी काढली. या वेळी तिने अडवलं नाही. दगडांच्या फटीतून चाचपत त्यांनी तळातली वाइन घेतली. ती वरच्यापेक्षाही दाट होती. त्यांनी जिभेवर घेतली आणि मान हलवली. "एकच आहे. वरपासून खालपर्यंत एकच. कोणी काही पाजलेलं नाही." मग त्यांनी कागद पिंपावरच ठेवला आणि सही केली. मग आणखी एक पेला भरून त्यांनी तो आदोसिंदापुढे धरला.

"नको," ती म्हणाली.

"सांभाळायचं काम झालं आता, बाई. पुढचं आमच्याकडे."

तिने पेला दोन्ही हातांत घेतला. आधी वास घेतला, सवयीने. मग एक छोटा घोट. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते, काय म्हणते म्हणून. तिचे डोळे भरले. तिची नजर पिंपाकडे गेली होती.

"बूच उघडं आहे किती वेळ," ती म्हणाली. "आणि तीन पेले काढलेत तुम्ही. खाली गेलं असेल."

ती उठली, व्हिनेगरच्या मडक्यामागून टोपली ओढून काढली आणि फडकं बाजूला केलं. पांढरे, धुतलेले गोटे. तळघराचं दार सताड उघडं होतं, बाहेरून दुपारचं ऊन जिन्यापर्यंत आलेलं. तिने एक गोटा उचलला आणि तीन माणसांच्या देखत पिंपात सोडला. टुप्प. दुसरा. टुप्प.

तेल्मो जवळ आला. "मावशी," तो म्हणाला. त्याने टोपलीतल्या गोट्यांकडे हात नेला. "मी टाकू एक?"

आदोसिंदाने त्याच्या हातांकडे पाहिलं. पहारीचा गंज लागलेला, तळवे मळलेले. आत्या गेल्यापासून ती त्याला धनी म्हणायची, अहोजाहो करायची. आता तिने टोपली आपल्याकडे ओढून घेतली.

"आधी हात धुऊन ये," ती म्हणाली.

आणि तो गेला.